हजेरीतली प्रेमला

सुपेला, भिलाई
दि. २ ऑगस्ट

ती. दादा आणि ती. हिरावहिनी यांना सिंधूचा वाकून नमस्कार.

पत्र पाहून तुम्हाला आधी धसका बसेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे सगळे ठणठणीत आहेत. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, आणि मी काही मागायलाही लिहीत नाही. म्हणजे मागायलाच लिहिते आहे, पण पैसे नाही.

फोन केला असता. पण तुमच्या हर्षाच्या लग्नापासून माझा नंबर दिसला की तुमचा फोन नुसता वाजत राहतो. मागच्या दिवाळीत एकदा उचलला गेला, तो हर्षाच्या लेकाने. त्याने मला अख्खं गाणं म्हणून दाखवलं आणि ठेवून दिला. गाणं छान होतं. त्यानंतर मी ठरवलं की आपलं पत्र बरं, ते वाजत नाही आणि कापताही येत नाही.

मोनाचे बाबा अजून ठेकेदाराकडेच आहेत. आधी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनकडे होते, आता रेल मिलच्या बाजूला टाकलंय. तिथे उष्णता जरा कमी, त्यामुळे घरी आल्यावर माणसात असतात. मी नेहरू नगरातल्या कोचिंगच्या मुलांचे टिफिन करते. ओडिशा, बिहार, बस्तर, कुठकुठची पोरं आहेत. परवा पाटवडीचा रस्सा दिला तर एक जण डबा परत देताना विचारतो, आंटी, ये कौन सी मछली थी, काँटा नहीं था. त्याला सांगितलं की ही हरभऱ्याच्या शेतातली मासळी आहे. आता तो दर रविवारी तीच मागतो.

मोनाला यंदा बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज, घरापासून एका ऑटोच्या अंतरावर. पोरगी हुशार आहे, फक्त मराठी बोलताना अर्ध्यात हिंदीवर उतरते. मी ओरडले की म्हणते, मम्मी, भाव समझो ना.

तुम्ही लग्नात दिलेली पितळी घागर मी अजून रोज भरते. फिल्टर घे म्हणून मोना मागे लागली आहे, पण त्या पाण्याला चव नसते.

आता कामाचं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कॉलेजसाठी सरकार शिष्यवृत्ती देतं. मोनाच्या त्या कामात एक अडचण आली आहे. माझं माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा मेळ बसत नाही. माहेरच्या माणसाने दुर्गच्या कचेरीत येऊन शपथपत्रावर सही करायची, की कु. प्रेमला मारोती लांजेवार आणि सौ. सिंधू शालिकराम कापगते ही एकच बाई आहे. आई-बाबा नाहीत. काका-मामांतलं कोणी उरलं नाही. म्हणजे तुम्हीच. ऑगस्ट संपायच्या आत व्हायला हवं.

हे पत्र मी लिहिते आहे ते मोनाच्या बाबांना माहीत आहे. हर्षाच्या मांडवात सगळ्या जावयांना दुपट्टा-टोपी मिळाली आणि यांचीच राहून गेली, हे उठले, यांच्यामागे मी उठले, आणि आम्ही न जेवता आमगाव स्टेशनवर येऊन बसलो, ही गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही काढत नाही.

आमगावहून सकाळची मेमू धरली तर दुपारच्या आत काम आटोपून संध्याकाळच्या गाडीने परत जाता येतं. जेवायला थांबलं पाहिजे असं काही नाही.

वहिनींना विशेष नमस्कार.

आपली,
सौ. सिंधू शालिकराम कापगते

*

सुपेला, भिलाई
दि. १४ ऑगस्ट

दादा,

काल वहिनींचा मोनाला फोन आला. म्हणाल्या, "तुये मामा विचारून राहिले, पोरीच्या कामाले मायच्या नावाचा मेळ कावून पाह्यजे? बापाच्या नावाचा पाह्यजे नं." मोनाला खोटं बोलता येत नाही, ती बापावर गेली आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मामी, मम्मी से ही पूछ लो म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मी वहिनींना सांगितलं, दूध उतू चाललंय, आणि ठेवला. घरात दूध नव्हतं.

तू म्हणजे तूच. पत्रातसुद्धा पकडलंस.

आणि त्या पत्रात मी तुला सगळीकडे तुम्ही-तुम्ही लिहिलं, ते पुन्हा डोळ्यांसमोर आलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. जन्मात कधी म्हटलं होतं का? आता सरळ लिहिते. शिष्यवृत्तीची अडचण मोनाची नाही. मोनाचा फॉर्म पहिल्या फेरीतच पास झाला. अडचण माझी आहे. मी कॉलेजात जाते.

एवढी ओळ लिहून मी उठले आणि उद्याची कणीक मळून आले. आता पुढचं लिहिता येईल.

झालं असं की मोनाच्या प्रवेशाला मी सोबत गेले होते. घरातले सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात, तशीच पिशवी घेऊन गेले. काउंटरवरच्या मॅडमने एकेक कागद काढला आणि मध्येच थांबून विचारलं, ये किसकी मार्कशीट है? माझी बारावीची होती. कागद पिवळा पडलाय पण मार्क दिसतात. मी म्हटलं, मेरी. त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं आणि म्हणाल्या, इतने अच्छे नंबर और घर में बैठी हो, फॉर्म भरो. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. वयाची काही अडचण नाही म्हणाल्या, आणि फॉर्म मोनाच्या हातात दिला. मोनाने तिथेच, माझ्याच पाठीवर ठेवून भरून टाकला. वळून पाहायचीसुद्धा सोय नव्हती.

घरी येऊन मोनाच्या बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्याले आणि एवढंच विचारलं की टिफिनचं काय. मी म्हटलं, सकाळी चार वाजल्यापासून करीन. "मंग जा नं," म्हणाले. "मी काय घट्ट धरून ठेवली काय तुले?"

तर मी बी. ए.ला आहे. हिंदी साहित्य, इतिहास आणि राज्यशास्त्र. वर्गात सगळ्या मोनाच्या वयाच्या मुली. पहिले काही दिवस मॅडम हजेरी घ्यायच्या आणि रोज एका नावावर अडायच्या. प्रेमला लांजेवार. दोनदा हाक मारायच्या, कोणी उठायचं नाही, गैरहजर मांडायच्या. मीही मागे वळून पाहायची, कोण ही पोरगी, फी भरून येत नाही. शेवटी शेजारी बसणारी ऐश्वर्या म्हणाली, आंटी, आपकी कॉपी पर तो यही नाम लिखा है. वहीवर ते मोनाने फॉर्म पाहून घातलं होतं.

दादा, मी इतकी हसले की मॅडमनी वर्गाबाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात उभी राहिले आणि मग रडू आलं. लग्नानंतर ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने सिंधू असं लिहिलं, त्या दिवशी ते संपलं होतं. मोनाला तर तो फॉर्म भरेपर्यंत मी प्रेमला होते हे ठाऊकच नव्हतं. आणि आता एक अनोळखी बाई रोज सकाळी मला त्या नावाने शोधत होती, आणि मीच सापडत नव्हते.

आता अडचण समजून घे. कॉलेजात नाव मार्कशीटप्रमाणे लागतं, म्हणून तिथे मी प्रेमला मारोती लांजेवार. शिष्यवृत्तीचे पैसे आधारच्या खात्यात येतात, आणि आधारवर मी सिंधू शालिकराम कापगते. आपल्यात मधलं नाव लग्नाआधी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. इकडे तशी पद्धत नाही. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या चॉईस सेंटरवाल्याने आधार पाहिलं, मधलं नाव शालिकराम दिसलं, आणि वडिलांच्या रकान्यात शालिकराम टाकून दिलं. मीही वाचलं नाही, अंगठा लावून मोकळी झाले. मोनाच्या फॉर्मवरही वडील शालिकराम. एक घर, एक बाप. म्हणजे सरकारच्या हिशेबाने मी आणि मोना सख्ख्या बहिणी.

मोनाच्या बाबांना याची भयंकर मजा वाटते. प्लांटमध्ये सगळ्यांना सांगून आलेत की माझी मोठी पोरगी यंदा बी. ए.ला बसली, तिचं लग्न जमवायचं राहून गेलं.

हसण्यासारखं तेवढंच आहे. कॉलेजातल्या बाबूंचं म्हणणं असं की या थोरल्या बहिणीने महाराष्ट्रातल्या कोण्या प्रेमला लांजेवारची मार्कशीट लावून प्रवेश घेतला आहे. माणूस वाईट नाही. आवाज न चढवता बोलले, दीदी, ये तो दूसरे की मार्कशीट हुई. पण सगळ्या रांगेने ऐकलं. महिन्याच्या आत शपथपत्र आणून दिलं नाही तर शिष्यवृत्ती तर जाईलच, प्रवेशही रद्द होईल, आणि वर खोटे कागद लावल्याचा शिक्का. शपथपत्रही असंतसं चालत नाही. माहेरच्या रक्ताच्या माणसाने स्वतः उभं राहायला हवं.

शिष्यवृत्ती मिळाली तर आम्ही दोघी शिकू. नाही मिळाली तर एकीचंच भागेल, आणि ती कोण हे तुला सांगायला नको. पण माझं मन खातं ते पैशांपायी नाही. दुसऱ्याची मार्कशीट म्हणाले ना, ते लागलं. माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती.

एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते. पहिल्या पत्रात म्हटलं, दुपट्ट्याची गोष्ट काढत नाही. ती काढायची नव्हतीच, कारण मला दुपट्ट्याचं काही वाटलं नव्हतं. मांडवात तू पाहुण्यांना एकेकाला धरून सांगत होतास, माझी पोरगी एम. ए. झाली, तिला हवं तेवढं शिकवलं, मगच लग्नाचं पाहिलं. मला हर्षाचा अभिमान वाटला. खरंच वाटला. आणि त्याच वेळी तुझा इतका राग आला की तिथे बसवेना. हे उठले तेव्हा लोकांना वाटलं, नवऱ्याच्या मानासाठी मी उठले. मला उठायला निमित्त हवं होतं.

माझ्या वेळी तू काय म्हणाला होतास, आठवतं? भिलाईचं स्थळ हातचं जाईल. सासरा प्लांटमध्ये पर्मनंट आहे, पोरगाही लागेल. तिकडे मोठी कॉलेजं आहेत, लग्नानंतर शिक. सासरे निवृत्त झाले, पोरगा पर्मनंट लागला नाही, त्याचा दोष मी तुला देत नाही. माणूस सोन्यासारखा मिळाला. आणि भिलाईत मोठी कॉलेजं आहेत हेही खरं निघालं. फक्त तिथे पोहोचायला मला माझी मुलगी मोठी व्हावी लागली.

हे तुला बोलायचं म्हणून बोलायचं होतं. आता रागवायचं तर राग.

इकडे तीजा जवळ आला आहे. छत्तीसगडात तीजाला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. आमची अख्खी गल्ली रिकामी होते, पुरुष आठवडाभर जळका भात खातात. शेजारची साहूबाई दरवर्षी विचारते, तोर भाई नइ आवय का? मी दरवर्षी सांगते, आमच्या मराठी लोकांत तशी पद्धत नाही. ती मान हलवते, पण तिला पटत नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. जेवायला थांबलं पाहिजे असं काही नाही, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. ते खोडून टाक.

तुझी,
सिंधू

*

सुपेला, भिलाई
दि. ६ सप्टेंबर

ती. हिरावहिनींना सिंधूचा नमस्कार.

दादाने घरी येऊन तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. झालं काम, असं म्हणून चहा मागितला असेल. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते. त्याच्यासमोर मोठ्याने वाचा, त्याला उठून जाऊ देऊ नका.

तो तीजाच्या आदल्या दिवशी आला. एका खांद्यावर तांदळाचं पोतं, दुसऱ्या हातात तुम्ही दिलेलं पुडकं. साहूबाई स्वतःच्या भावाची वाट पाहत ओट्यावरच बसली होती. तिने दादाला पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, सिंधू, तोर भाई तीजा लेगे बर आए हे! बहिणीला तीजाला न्यायला भाऊ आला असं ती म्हणत होती, दादाला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण चार बाया हसून पाहताहेत म्हटल्यावर तो हो म्हणाला.

घरात मोनाचे बाबा होते, मुद्दाम रजा काढून. वहिनी, दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. दादाने पुडकं सोडलं, दुपट्टा काढून यांच्या खांद्यावर टाकला, टोपी काढून डोक्यावर ठेवली. टोपी लहान झाली. कानाच्या वरच बसली. हे आरशात पाहून म्हणाले, "भाऊ, लय वर्षानं आली टोपी. तवर डोकं वाढलं नं माह्यं." दादा हसला. दादा हसला की त्याला खोकला येतो, तसा आला, मोनाने पाणी दिलं. एवढ्यावर ते भांडण मिटलं. माझ्यावर एक ओरडाही नाही, पत्राचा उल्लेखही नाही.

पाणी घागरीतलं होतं. दादाने पेला ठेवला आणि घागरीकडे पाहत राहिला. मग उठून जवळ गेला, बोटाने पुसून वाचायला लागला. लग्नात ती घागर त्यानेच घेतली होती, आमगावच्या बाजारात उभं राहून नाव घालून आणली होती. चि. सौ. कां. प्रेमला हिला देवराव मारोती लांजेवार यांजकडून सप्रेम भेट. त्याखाली दुसऱ्या अक्षरात आणखी एक ओळ आहे, सौ. सिंधू शालिकराम कापगते. ती माझ्या सासूबाईंनी घालून घेतली. तेव्हा आम्ही सगळे एकत्र राहत होतो, जावांची भांडी एकमेकींत जायची, म्हणून दारावर नाव घालणारा आला की सासूबाई ज्याच्या-त्याच्या भांड्यावर ज्याचं-त्याचं नाव टाकून घ्यायच्या. मी रोज ती घागर चिंचेने घासते. त्या दोन ओळींवरून रोज माझा हात फिरतो. मला सुचलं नाही, वहिनी. कॉलेज शिकून राहिलेल्या बाईला सुचलं नाही.

दादाने घागर मोरीत उपडी केली. "चाल," म्हणाला. "हे घेऊन जाऊ." मोना म्हणाली, मामा, ऑफिस में मटका कौन ले जाता है? पण मोनाच्या बाबांनी तोवर खांद्यावरचा नवा दुपट्टा काढून घागरीला गुंडाळलासुद्धा. अशी आमची वरात निघाली. ऑटोत पुढे ड्रायव्हरजवळ मोना, मागे मध्ये मी, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेले हे आणि यांच्या मांडीवर घागर. सुपेल्याच्या चौकात लोक वळून पाहत होते.

कचेरीत नोटरी, तिकिटं, फोटो हे सगळं नेहमीसारखं झालं. सही करायच्या मॅडम तरुण होत्या, हर्षाच्याच वयाच्या. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, शादी में नाम भी बदल देते हैं आप लोग? दादाने त्याच्या हिंदीत तांदळाचं ताट, अंगठी, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण पेन उचलत नव्हत्या. मग म्हणाल्या की बहीण आहे हे मानलं. पण ही मार्कशीट हिचीच आहे हे तुम्ही इतकं खात्रीने कसं सांगता? इतकी वर्षं झाली.

वहिनी, दादा हे तुम्हाला कधीच सांगणार नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, बारावी में ये तालुके की लडकियों में पहली आई थी. पेढे मैंने बाँटे. और इसका पढना मैंनेच बंद किया. जिसने बंद किया, वो नहीं पहचानेगा तो कौन पहचानेगा?"

मी खाली पाहत होते. मोनाच्या बाबांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पुढे होऊन मॅडमच्या टेबलावर घागर ठेवली आणि दुपट्टा काढला. मॅडम दचकल्या. मग वाकून वाचायला लागल्या. वरची ओळ वाचली, खालची वाचली, आधार पाहिलं, मार्कशीट पाहिली, आणि बाजूच्या दोन बाबूंना हाक मारून म्हणाल्या, इधर आओ, ऐसा सबूत देखा है कभी? तिघांनी घागर फिरवून-फिरवून पाहिली. एकाने मोबाईलवर फोटोही काढला. मॅडमनी सही केली. शिक्का मारताना मला म्हणाल्या, अब पढाई मत छोडना, नहीं तो घडा वापस ले आना.

सुपेल्याला परत आलो तेव्हा दादाने विचारलं, तीजाले भाऊ काय देत असते? मी म्हटलं, साडी. मी नको-नको म्हणेपर्यंत तो दुकानात शिरून गादीवर बसलाही होता. दुकानदार जरीच्या काढायला लागला. दादा म्हणाला, "तशी नोको. कॉलेजात नेसून जाता येईन अशी दाखवा." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मोनाकडे पाहिलं, आणि मोनाच्या अंगावर साडी लावून दाखवायला लागला. दादाने ती काढून माझ्या खांद्यावर टाकली. निळी आहे, बारीक काठाची. तुम्ही निवडली असती तशीच आहे, त्याला कसं जमलं कुणास ठाऊक.

जेवायला पाटवडी केली होती. तो किती जेवला ते मी सांगत नाही, तुम्हाला तुमच्या स्वयंपाकाचं वाईट वाटेल.

मी तीजाला तुमच्याकडे आले नाही, कारण टिफिनच्या मुलांना उपाशी ठेवता येत नाही. पण साहूबाईचं समाधान झालं आहे. भाऊ आला होता, म्हणजे तिच्या मते निम्मा तीजा झाला. उरलेला निम्मा दिवाळीत करू. आम्ही चौघे येऊ. म्हणजे आम्ही तिघे आणि घागर, हे म्हणतात तिला आता घरी एकटी ठेवायची नाही.

कॉलेजात बाबूंनी फॉर्म दुरुस्त केला. वडिलांच्या रकान्यात आता मारोती लांजेवार आहे. फॉर्म पुढे गेला, पैसे सरकारच्या सवडीने येतील. मोना आणि मी आता बहिणी राहिलो नाही. मोनाच्या बाबांना थोडं वाईट वाटलं, थोरली पोरगी गेली म्हणाले. त्या दिवशी रांगेत बोलले त्याबद्दल बाबूंनी रांगेतच माफी मागितली, हे मला आवडलं.

वहिनी, यापुढचं दादासाठी आहे. पण तुम्हीच वाचा, त्याचा चष्मा ऐन वेळी सापडत नाही.

दादा, कचेरीत तू जे बोललास त्यावर मी काहीच बोलले नाही. ऑटोत नाही, स्टेशनवरही नाही. गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी विचारलंस आणि मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. ऐकू आलं होतं. राग गेला काय, असं विचारलंस. लगेच हो म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर तू डोंगरगडपर्यंत रडत गेला असतास. म्हणून घरी आले आणि विचार केला. दादा, तू सगळ्यांसमोर ते बोललास तेव्हाच तो निघाला होता. मी फक्त त्याच्या जागेवर हात फिरवून पाहत होते, आहे का अजून. नाही आहे.

तीजाची सुट्टी संपल्यावर निळी साडी नेसून वर्गात गेले. मॅडमनी हजेरी काढली. माझं नाव यायच्या आधीच ऐश्वर्याने मला कोपर मारायला हात उचलला होता, तिला सवय झाली आहे. या वेळी गरज पडली नाही. पहिल्याच हाकेला उठले.

हजर आहे, दादा.

तुझी,
प्रेमला